विद्यापीठाचा युवा महोत्सव : जासईच्या मुलामुलींनी नाव कधी आणि कुठे द्यायचं?

जासई (ता. उरण) : मुंबई विद्यापीठाचा युवा महोत्सव दरवर्षी पावसाळ्यात भरतो. गाणं, वादन, नाच, नाटक, वक्तृत्व, चित्रकला, रांगोळी असं सगळं त्यात असतं. हळदीला गाणारी, भजनात पखवाज धरणारी, गौरी-गणपतीत नाचणारी आपल्या भागातली अनेक मुलं-मुली याच विद्यापीठाच्या कॉलेजांत शिकतात. पण कॉलेज सुरू झाल्याच्या गडबडीत नोटीस वाचायची राहते, नावं देण्याची मुदत निघून जाते आणि वर्ष वाया जातं. म्हणून ही माहिती एका जागी.

कोणाला भाग घेता येतो?

मुंबई विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजात पदवी किंवा पदव्युत्तर वर्गाला नियमित शिकणाऱ्यांना. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढा या विद्यापीठाचा पसारा आहे. उरणचं कोकण ज्ञानपीठ कॉलेज, फुंड्याचं वीर वाजेकर कॉलेज, पनवेलची महात्मा फुले आणि चांगू काना ठाकूर ही कॉलेजं त्यातच येतात. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी हा महोत्सव नाही. विद्यापीठांच्या देशपातळीवरच्या स्पर्धेत २५ वर्षांखालीलच स्पर्धक चालतात, १ जुलैला वय मोजतात.

विद्यार्थ्याला परस्पर नाव देता येत नाही, कॉलेजमार्फतच प्रवेशिका जाते. प्रत्येक कॉलेजात सांस्कृतिक विभाग असतो. जून-जुलैत कॉलेज उघडलं की पहिल्या आठवड्यातच त्या विभागाच्या सरांना किंवा मॅडमना भेटायचं. निवड कॉलेजातच होते, तालीमही तिथेच.

वर्षाचं गणित

प्राथमिक फेऱ्या विभागवार होतात, साधारण ऑगस्टच्या आसपास. रायगडच्या कॉलेजांची फेरी जिल्ह्यातल्याच एखाद्या कॉलेजात होते. त्यातून निवडलेले संघ मुंबईत अंतिम फेरीला जातात. तारखा दरवर्षी विद्यापीठाचा विद्यार्थी विकास विभाग परिपत्रक काढून जाहीर करतो आणि ते परिपत्रक कॉलेजात येतं.

पुढची पायरी ‘इंद्रधनुष्य’. राज्यातल्या विद्यापीठांचा हा सांस्कृतिक महोत्सव राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने २००३ पासून होतो. यजमान विद्यापीठ दरवर्षी बदलतं. त्याशिवाय भारतीय विद्यापीठ संघाचे पश्चिम विभागीय आणि राष्ट्रीय युवा महोत्सव असतात, ते हिवाळ्यापासून मार्चपर्यंत चालतात. म्हणजे जुलैत दिलेलं एक नाव फेऱ्या पार करत देशपातळीवर जाऊ शकतं.

गावची कला कुठे बसते?

अनेकांना वाटतं, विद्यापीठ म्हणजे शास्त्रीय गाणं, क्लास लावलेल्यांचंच काम. तसं नाही. लोकनृत्य, समूहगीत आणि लोकवाद्यवृंद हे या महोत्सवांतले मोठे आणि गर्दी खेचणारे प्रकार आहेत. कोळी नाच, गौरीचा नाच, जाखडी, कातकरी वाड्यांवरचे नाच, ढोलकी, संबळ, सनई, खालूबाजा हे सगळं तिथे चालतं. भजनी मंडळात घडलेल्या गळ्याला सुगम संगीतात अभंग-भजन गाता येतं. नकला करणाऱ्याला नक्कल, मूकनाट्य आणि प्रहसन आहे. गणपतीच्या कारखान्यात हात बसलेल्याला मातीकाम आहे. रांगोळी, मेंदी, व्यंगचित्र, भित्तिपत्रक, फोटोग्राफी हेही प्रकार आहेत.

आगरी लग्नातला धवला हा तर मोठा ठेवा. धवलारीण हळदीपासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीला गाते. हे सगळं तोंडी आहे, आईकडून लेकीकडे आलेलं. १९७० मध्ये नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या गावांच्या जमिनींचं संपादन सुरू झालं. भातशेती आणि मिठागरं गेली, तशी लावणी-कापणीची आणि कामावरची गाणीही मागे पडली. हळदीत आता डीजे वाजतो. गावात ज्या आजींना धवले पाठ आहेत, त्यांच्याजवळ बसून नातवंडांनी ते शिकले, तरच ते पुढे राहतील. महोत्सव हे शिकायला चांगलं निमित्त आहे. मोबाईलवर रेकॉर्ड करताना आजींना आधी विचारावं, शब्दांचा अर्थ आणि कुठल्या विधीला काय म्हणतात तेही लिहून घ्यावं.

हे नियम लक्षात ठेवा

• समूहगीत आणि सुगम संगीतात सिनेमाचं गाणं चालत नाही. यूट्यूबवर गाजलेलं प्रत्येक कोळीगीतही पारंपरिक नसतं, आधी खात्री करावी.
• राष्ट्रीय नियमांनुसार लोकनृत्यात जास्तीत जास्त १० नर्तक, समूहगीतात ६ गायक. साथीदार वेगळे. वेळ साधारण १० मिनिटांच्या आत.
• एकांकिकेला ३० मिनिटं, चित्रकला-मातीकामासारख्या प्रकारांना अडीच तास.
• लोकनृत्याची माहिती आणि गाण्याचे शब्द लिहून द्यावे लागतात. आजींकडून उतरवलेली वही इथेच कामाला येते.
• विद्यापीठाच्या परिपत्रकातले यंदाचे आकडे सरांकडून तपासूनच संघ बांधावा.

अभ्यासाचं काय?

घरच्यांची पहिली शंका हीच असते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात सहअभ्यासक्रमाला श्रेयांक आहेत आणि त्यात सांस्कृतिक उपक्रम व कला येतात. आपल्या वर्गाला ते कसे मिळतील, स्पर्धेच्या दिवसांची हजेरी कशी धरणार, हे नाव देतानाच ऑफिसात विचारून घ्यावं. मुलींच्या घरच्यांनी परतायची वेळ आणि सोबत कोण शिक्षिका आहेत, हे आधी विचारलं की उशिराच्या तालमीची चिंता कमी होते.

जायचं कसं?

१२ जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत लोकल सुरू झाल्याने सोय वाढली. जासईकरांना गव्हाण स्टेशन जवळ. तिथून नेरूळ, नेरूळहून हार्बरने कुर्ला, आणि कुर्ला पश्चिमेहून कलिन्याच्या विद्यानगरीसाठी बस किंवा रिक्षा. कार्यक्रम फोर्टच्या आवारात असेल तर सीएसएमटीला उतरायचं, राजाबाई टॉवर हीच खूण. शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवावी.

पुढे शिकायचं असेल तर

मुंबई विद्यापीठात संगीत विभाग आहे, नाट्यशिक्षणासाठी अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे आणि लोककलेसाठी लोककला अकादमी आहे. शाहीर अमर शेख यांच्या नावाचं अध्यासनही विद्यापीठात आहे. म्हणजे गावात शिकलेली कला विद्यापीठात पदवीचा विषय होऊ शकते. प्रवेशाच्या सूचना उन्हाळ्यापासून विद्यापीठाच्या वेबसाईटवर बघत राहाव्यात.

आत्ता काय करायचं?

घरात कॉलेजला जाणारं कोणी असेल तर ही माहिती त्यांना पाठवा. कॉलेज उघडल्यावर सांस्कृतिक विभागात नाव द्या. आणि त्याआधी, सुट्टी आहे तोवर, एखाद्या संध्याकाळी आजीजवळ बसून एक धवला लिहून घ्या.