अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रशाळा

१/
चित्रकाराच्या कार्यशाळेचेच चित्र काढायचे झाले, तर मधोमध कोणाला बसवावे? फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह कूर्बे याने १८५५ साली उत्तर दिले : स्वतःला. ‘चित्रकाराची कार्यशाळा’ हे त्याचे चित्र जवळजवळ सहा मीटर रुंद आहे. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

२/
चित्रात माणसांची दाटी आहे. एका बाजूला समाजाच्या नाना थरांतले लोक, दुसऱ्या बाजूला कवी बोदलेर, विचारवंत प्रूदाँ असे स्नेही. मध्यभागी निसर्गदृश्य रंगवणारा कूर्बे. त्या वर्षीच्या जागतिक प्रदर्शनात हे चित्र नाकारले गेले, तेव्हा त्याने जवळच स्वतःचा स्वतंत्र मंडप उभारला.

३/
त्यानंतर दोनच वर्षांनी, १८५७ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत कलाशाळा सुरू झाली. हेच आजचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. १८६५ मध्ये जॉन ग्रिफिथ्स हे तेथे अध्यापक म्हणून आले. या शाळेची सर्वांत गजबजलेली कार्यशाळा मात्र पुढे मुंबईपासून शेकडो मैल दूर, डोंगरात भरली.

४/
तो डोंगर वाघूर नदीकाठचा, अजिंठ्याचा. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस लेणी पडली आणि बाहेरच्या जगात त्यांची ख्याती पसरली. ख्यातीबरोबर संकटही आले. ओलावा आणि वटवाघळे आधीपासून होतीच. आता हौशी प्रवासी भिंतीवरच्या चित्रांचे तुकडे काढून नेऊ लागले.

५/
चित्रे नष्ट होण्याआधी त्यांच्या प्रतिकृती तरी हव्यात, म्हणून १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांची नेमणूक झाली. जवळजवळ दोन दशके ते या कामात होते. त्यांच्या प्रतिकृती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे आग लागली आणि बहुतेक प्रतिकृती जळून गेल्या.

६/
काम पुन्हा पहिल्यापासून करणे भाग होते. १८७२ मध्ये ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले. १८८५ पर्यंत, हिवाळ्याच्या मोसमांत, हे काम चालले. विद्यार्थ्यांमध्ये पेस्तनजी बोमनजी आणि जगन्नाथ अनंत हे होते. पेस्तनजी पुढे नामवंत व्यक्तिचित्रकार झाले.

७/
छायाचित्रण तेव्हा अवगत होते. पण त्यात रंग उतरत नसत आणि काळोख्या लेण्यांत ते फार अवघड होते. म्हणून भिंतीसमोर कॅनव्हास उभा करून तैलरंगांत हुबेहूब नक्कल करायची. जेथे गिलावा गळून पडला होता, तेथे तो गळलेला भागही तसाच दाखवायचा. सुमारे ३०० चित्रे तयार झाली.

८/
या कामाला एक काळी बाजूही आहे. धूसर चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून प्रतिकृती करणाऱ्यांनी मूळ भिंतींवर वार्निश लावले. कालांतराने ते पिवळे पडले, त्यावर धूळ बसली आणि काही ठिकाणी त्यासह रंगाचे पापुद्रे सुटू लागले. ज्यांनी चित्रे वाचवण्यासाठी आयुष्याची उमेदीची वर्षे दिली, त्यांच्याच हातून त्यांना इजा झाली.

९/
तयार चित्रे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात गेली. १८८५ मध्ये तेथेही आग लागली आणि त्यांचा मोठा भाग जळाला. वीस वर्षांच्या आत अजिंठ्याच्या प्रतिकृती दुसऱ्यांदा आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. चौदाशे-पंधराशे वर्षे टिकलेल्या भिंतींच्या नकला एका माणसाच्या हयातीइतक्याही टिकल्या नाहीत.

१०/
गिल आणि ग्रिफिथ्स या दोघांच्या संचांतली मिळून १६६ चित्रे आज त्याच संग्रहालयात आहेत; आता त्याचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. अजिंठ्यात जेथे आज मूळ रंग उरलेला नाही, तेथे एकोणिसाव्या शतकात काय दिसत होते, हे त्यांवरून कळते. एकेकाळची नक्कल आता पुरावा ठरली आहे.

११/
१८९६-९७ मध्ये या कामावरचा दोन खंडांचा भव्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. लेखक म्हणून नाव एकच : जॉन ग्रिफिथ्स. तेरा वर्षांच्या त्या कार्यशाळेत ब्रश अनेकांच्या हातांत होते. इतिहासाच्या चित्रात मध्यभागी मात्र एकच माणूस बसला.

१२/
मूळ भिंती रंगवणाऱ्या प्राचीन कलावंतांची नावे तर आपल्याला ठाऊकच नाहीत. त्यांची नक्कल करणाऱ्या मुंबईच्या तरुणांपैकी काहींची नावे तरी कागदोपत्री उरली आहेत. म्हणून अजिंठ्याच्या प्रतिकृती पाहताना ग्रिफिथ्स यांच्याबरोबर पेस्तनजी बोमनजी आणि जगन्नाथ अनंत हीही नावे घ्यावीत.