शैक्षणिक कारभार, विद्यापीठांचा (बेंगळुरू)

विद्यापीठात काय शिकवावे, परीक्षा कशी घ्यावी आणि पदवी कोणत्या अटींवर द्यावी, हे ठरवणारी व्यवस्था. पैसा आणि मालमत्ता सांभाळणारे मंडळ वेगळे ठेवायचे आणि अभ्यासाचा निर्णय प्रामुख्याने शिकवणाऱ्यांच्या हाती द्यायचा, हे तिचे मूळ सूत्र.

१९६४ मध्ये स्थापन झालेले बंगळूर विद्यापीठ कर्नाटक राज्य विद्यापीठ कायदा, २००० नुसार चालते. कार्यकारी अधिकार सिंडिकेटकडे, शैक्षणिक अधिकार विद्या परिषदेकडे. अभ्यासक्रमाचा मसुदा त्या त्या विषयाच्या अभ्यास मंडळात तयार होतो, विद्याशाखेतून पुढे सरकतो आणि विद्या परिषदेसमोर येतो. महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्यानुसार सिंडिकेटच्या जागी व्यवस्थापन परिषद आहे. बाकी क्रम बराचसा सारखाच.

या अधिकाराला मर्यादा किती, हे अलीकडेच दिसले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार कर्नाटकाने २०२१-२२ पासून चार वर्षांच्या पदवीची रचना स्वीकारली. २०२३ मध्ये राज्य सरकारने अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शिक्षण धोरण आयोग नेमला. मूळचे अमरावती जिल्ह्यातले थोरात त्याआधी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. त्यांच्या अंतरिम अहवालानंतर २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली.

पदवीची मुदत सरकारने ठरवली. तिच्यात बसणारे विषय, श्रेयांक आणि प्रश्नपत्रिकांचे स्वरूप मात्र अभ्यास मंडळांना दोनदा नव्याने मांडावे लागले. एक तुकडी पदवी घेऊन बाहेर पडते न पडते तोच रचना बदलली, तर अभ्यासक्रम पारखायला शिक्षकांना वेळच उरत नाही. त्याची झळ विद्यार्थ्यांना बसते.

याच शहरातील काही संस्थांना अधिक मोकळीक आहे. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेत शैक्षणिक निर्णय सिनेट घेते आणि तिच्यात प्राध्यापकांचाच भरणा असतो. संशोधनासाठी ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेने २०११ मध्ये चार वर्षांचा विज्ञान पदवी अभ्यासक्रम सुरू केला. राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी राज्याने १९८६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. सर्वसाधारण, कार्यकारी आणि विद्या अशा तीन परिषदा तेथे आहेत.

स्वायत्त महाविद्यालये अभ्यासक्रम स्वतः आखतात आणि परीक्षाही घेतात, पदवी मात्र विद्यापीठाची असते. १८८२ मध्ये सुरू झालेल्या सेंट जोसेफ महाविद्यालयाने हा टप्पा ओलांडला. २०२२ मध्ये त्याचे विद्यापीठात रूपांतर झाले.