दात काढावा की ठेवावा?

वाचकहो, वाकड्या दातांची काळजी काही आजची नाही. इ. स. च्या पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या रोमन ग्रंथकाराने लिहून ठेवले आहे, की दुधाचा दात पडण्याआधीच नवा दात उगवला, तर दुधाचा काढून टाकावा आणि नव्याला रोज बोटाने जागेकडे रेटीत राहावे. (खालच्या पुढच्या दातांच्या बाबतीत हे बोटाचे काम पुष्कळदा आपली जीभच करते बरे का!) पुढे १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने बोटाऐवजी धातूची पट्टी सांगितली. पट्टीला भोके पाडायची आणि वाकडे दात दोऱ्याने तिला बांधायचे.

तुम्ही विचाराल, हाडात रुतलेला दात सरकतो कसा? तो भिंतीतल्या खुंटीसारखा घट्ट नसतो. बेताचा दाब सतत राहिला, की दात ज्या बाजूला जातो तिकडचे हाड झिजते आणि मागे नवे हाड भरत येते. म्हणूनच या कामाला महिनोन्‌महिने लागतात.

आता खरे भांडण. अमेरिकेतील एडवर्ड अँगल (१८५५–१९३०) हा या शास्त्राचा मोठा गुरू. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढा एकमेकींवर कशा बसतात, हे पाहून त्याने १८९९ मध्ये तीन वर्ग पाडले. ते अजून शिकवतात. पण त्याचा हट्ट असा, की एकही दात काढायचा नाही. बत्तीसच्या बत्तीस दातांना जागा झालीच पाहिजे!

त्याचाच शिष्य चार्ल्स ट्वीड अॅरिझोनात याच रीतीने काम करी. दात रांगेत येत, पण कित्येकांचे तोंड पुढे आलेले दिसे, कित्येकांचे दात पुन्हा फिरत. गुरूच्या मृत्यूनंतर ट्वीडने अशा रुग्णांच्या चार उपदाढा काढून पुन्हा उपचार केले आणि १९४० मध्ये शंभर जणांचे आधीचे व नंतरचे पुरावे सहकाऱ्यांपुढे मांडले. गुरुबंधू रागावले. पण पुरावा समोर होता, आणि माझ्या मते स्वतःचेच फसलेले काम असे उघड मांडायला छाती लागते.

आज सरसकट ‘काढा’ किंवा ‘ठेवा’ असे कोणी म्हणत नाही. जबड्यात जागा किती, चेहऱ्याची ठेवण कशी, हे मोजून ठरवतात. गुरुजींनो, वर्गातल्या सात-आठ वर्षांच्या मुलाच्या खालच्या-वरच्या दाढा नीट बसत नसतील, किंवा दातामागे दात दिसला, तर घरच्यांना तेव्हाच सांगा. जबडा वाढत असतो, तोवर पुष्कळ काही करता येते.