वाचकांचे तर्क व चित्रपटाची निर्मिती : ‘डेडपूल’चे उदाहरण

चित्रकथेतील एखाद्या उपेक्षित प्रतिनायकावर चित्रपट निघावा, हे वाचकांचे तर्क बहुधा मनोरंजनापुरतेच गणले जातात. अमेरिकेतील ‘डेडपूल’चा इतिहास पाहता मात्र त्यांचे कारणमूल्य तपासणे अगत्याचे ठरते. फेबियन निसीझा व रॉब लायफेल्ड यांनी निर्मिलेले हे पात्र ‘न्यू म्यूटंट्स’च्या फेब्रुवारी १९९१ च्या अंकात प्रथम अवतरले. २००४ मध्ये या पात्राने एका अंकात आपल्या रूपाची तुलना नट रायन रेनल्ड्स याच्याशी केली. म्हणजे भूमिका कोणाची, हा तर्क खुद्द चित्रकथेतच उमटला होता. २००९ च्या ‘वुल्व्हरिन’पटात रेनल्ड्सने ती भूमिका केली, परंतु या वाचाळ पात्राचे तोंडच शिवलेले दाखविल्याने वाचक रुष्ट झाले. २०१० मध्ये स्वतंत्र पटकथा लिहिली जाऊनही निर्मितीसंस्था अनेक वर्षे अनुमती देईना. जुलै २०१४ मध्ये चाचणीदाखल केलेले चित्रण बाहेर फुटले, त्याचे उत्साहाने स्वागत झाले आणि सप्टेंबरात चित्रपटाची घोषणा झाली. २०१६ मध्ये प्रदर्शित होऊन त्याने जगभर ७५ कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविले.

यावरून वाचकांनीच चित्रपट घडविला, असे म्हणणे मात्र अतिव्याप्त होईल. पटकथा, नट व दिग्दर्शक आधीच सिद्ध होते. वाचकांनी निर्मात्यांचा संशय तेवढा फेडला. कारण व निमित्त यांतील हा भेद इतिहासाच्या अभ्यासकाने दृष्टिआड करू नये.