उतारावरची आच : सायकलच्या ब्रेकचा प्रवास

चालती सायकल थांबवायची म्हणजे तिच्या गतीतली ऊर्जा घर्षणाने उष्णतेत बदलायची आणि ती उष्णता कुठेतरी जिरवायची; ही आच टायरने सोसावी, रिमने सोसावी की त्यासाठी वेगळी चकती असावी, या एकाच प्रश्नाभोवती सायकलच्या ब्रेकचा दीडशे वर्षांचा इतिहास फिरत राहिला आहे. सपाट रस्त्यावर हा प्रश्न फारसा जाणवत नाही, घाटात मात्र तो टाळता येत नाही. स्वार आणि सायकल मिळून 80 किलो वजन 100 मीटर उंचीवरून एकसारख्या वेगाने खाली आणायचे झाल्यास, हवेचा आणि रस्त्याचा अडथळा वगळता, ब्रेकना सुमारे 78 किलोज्यूल उष्णता पचवावी लागते. तेवढ्या उष्णतेत पाव लिटर पाणी उकळीला येते.

छत्रपती संभाजीनगरच्या सायकलस्वाराला हा हिशेब टाळता येण्यासारखा नाही. शहराचा मध्य असलेला क्रांती चौक जालना रस्त्यावर, तुलनेने सपाट भागात आहे. या चौकातून दौलताबादच्या वाटेने निघालेला रस्ता मात्र किल्ल्यापुढे घाट चढून खुलदाबादच्या पठारावर जातो, तिथून म्हैसमाळचा आणखी चढ लागतो, आणि कन्नडपलीकडे चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट तर मालमोटारींच्या चालकांनाही परीक्षेचा वाटतो.

आरंभीच्या उंच चाकाच्या सायकलींना चमचा ब्रेक असे. चमच्याच्या आकाराची धातूची पट्टी थेट टायरवर दाबली जाई आणि भरीव रबराचा टायर ते घासणे सोसून घेई. 1888 मध्ये डनलॉपचा हवा भरलेला टायर आला आणि ही पद्धत गैरसोयीची ठरली, कारण महागडा नवा टायर त्या पट्टीखाली झपाट्याने झिजू लागला. घर्षणाची जागा मग टायरवरून रिमवर सरकली. भारतात दीर्घकाळ चाललेला दांडीचा ब्रेक हे त्या स्थलांतराचेच फळ होय.

या ब्रेकची रचना जवळून पाहण्याजोगी आहे. हँडलखाली मुठीला समांतर असलेली पोलादी पट्टी बोटांनी वर ओढली की सांध्यांनी जोडलेल्या दांड्या एकामागून एक हलत, आणि रिकिबीच्या आकाराचा एक कमानदार तुकडा वर उचलला जाऊन त्याची दोन रबरे रिमच्या आतल्या, म्हणजे आऱ्यांकडच्या, पृष्ठभागावर टेकत. तुटायला तार नाही, चिखलात अडकायला स्प्रिंगचा फारसा पसारा नाही, आणि दांडी वाकलीच तर कोणत्याही गावचा कारागीर ती पान्याने सरळ करू शके. लवचिक नळीतून जाणाऱ्या तारेचे बाउडनचे पेटंट 1896 चे असूनही 28 इंची काळ्या सायकलींवर दांडीच टिकली, याचे कारण मागासलेपणात शोधण्यापेक्षा दुरुस्तीच्या सोयीत शोधणे अधिक न्याय्य ठरेल. दोष एवढाच, की क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी रिम पावसात भिजली की रबर तिच्यावर नुसते सरकत राही, आणि मृगाच्या सरींत दुधाचे कॅन लटकवून निघालेल्या माणसाला शेवटी चपलेचा आधार घ्यावा लागे.

डोंगरी सायकलीचा जन्म मात्र अमेरिकेतला. कॅलिफोर्नियातील मॅरिन परगण्यात 1976 पासून काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरच्या कच्च्या रस्त्याने खाली सुटण्याच्या शर्यती लावू लागले. त्या सायकलींना पायडल उलटे दाबल्यावर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे आऱ्यांच्या मधल्या तुंब्यात, लागणारा ब्रेक होता, आणि एका उतारात हब इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे व पुढच्या फेरीआधी ते नव्याने भरावे लागे. या पुन्हा ग्रीस भरण्यावरूनच त्या रस्त्याला ‘रीपॅक’ हे नाव पडले. हब हरला म्हणून त्या तरुणांनी ड्रम ब्रेक, कँटिलिव्हर ब्रेक आणि मोटारसायकलचे लिव्हर असे हाती लागेल ते बसवून पाहिले. शिमानो या जपानी कंपनीचा व्ही-ब्रेक 1996 च्या सुमारास आला. त्याच्या लांब भुजांमुळे थोड्या जोरात भक्कम पकड मिळाली, परंतु त्याला अधिक तार ओढणारा लिव्हर लागतो, ही गोष्ट आजही अनेक जण जुन्या लिव्हरला नवा ब्रेक जोडून मग शिकतात. भारतात ‘रेंजर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाड टायरच्या सायकली 1990 नंतरच्या दशकात गावोगाव पोचल्या. त्यांचे रूप डोंगरी होते, ब्रेक बहुधा साधेच होते.

चकतीचा ब्रेक, म्हणजे डिस्क, आला तेव्हा आच रिम आणि टायरपासून दूर, हबशेजारच्या पोलादी चकतीवर गेली. संभाजीनगरला ही वस्तू परकी नाही. वाळूज येथे 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच औद्योगिक वसाहतीत वाढलेली एंड्युरन्स टेक्नॉलॉजीज दुचाकींचे डिस्क ब्रेक बनवते. त्यामुळे कॅलिपर, म्हणजे चकतीला दोन बाजूंनी चिमटणारा भाग, आणि ब्रेक ऑइल, म्हणजे लिव्हरचा दाब नळीतून कॅलिपरपर्यंत नेणारे तेल, हे शब्द येथील मेकॅनिकच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. नेमकी इथेच फसगत होते. मोटारसायकलींमध्ये डॉट प्रकारचे ऑइल असते, जे हवेतली ओल शोषते आणि त्यामुळे कालांतराने कमी तापमानाला उकळू लागते. शिमानो आणि मागुरा यांचे सायकलचे ब्रेक मात्र खनिज तेलावर चालतात, आणि त्यांत डॉट ऑइल घातले तर आतली रबरी सील फुगून निकामी होतात.

जुना संच बदलून वरच्या दर्जाचा घेताना किमतीच्या आधी सांगाडा पाहावा लागतो. कॅलिपर बसवण्याच्या भोकांमधले अंतर आयएस पद्धतीत 51 मिलिमीटर आणि पोस्ट माउंट पद्धतीत सुमारे 74 मिलिमीटर असते. चकती सहा स्क्रूंची की एकाच कड्याने आवळायच्या सेंटरलॉक पद्धतीची, हे हब ठरवतो. 160 ऐवजी 180 मिलिमीटरची चकती घेतल्यास त्याच दाबात साडेबारा टक्के अधिक पकड मिळते आणि आच पसरायला जागाही वाढते, मात्र फोर्कच्या, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, निर्मात्याने किती मोठी चकती मान्य केली आहे ते पाहिल्याशिवाय ती लावू नये. भारतात पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तर युरोप-अमेरिकेसाठी बांधलेल्या संचात तो बहुधा डाव्या हाताला येतो. नळ्यांची अदलाबदल करायची तर तेल पुन्हा भरून हवा काढावी लागते. दौलताबाद, म्हैसमाळपर्यंत जाणाऱ्याला चार पिस्टनच्या महागड्या कॅलिपरची सहसा गरज नसते. पुढच्या चाकाला 180 ची चकती, दोन पिस्टनचा खनिज तेलाचा संच आणि लांब उतारासाठी धातुमिश्रित पॅड एवढे पुरते. कोणते तेल चालते ते बहुधा लिव्हरच्या टाकीच्या झाकणावरच छापलेले असते. मेकॅनिकच्या हाती सायकल देण्यापूर्वी ते त्याला दाखवावे.