वस्तीची गाडी : मालवणच्या किनाऱ्यावरचा एसटीचा इतिहास



मालवणचा इतिहास म्हटलं की श्रोते सिंधुदुर्ग किल्ल्याची वाट बघतात. आज आम्ही किल्ल्यावर जाणार नाही, एसटी स्टँडवर जाणार आहोत. आमचा विषय आहे वस्तीची गाडी. तरुण श्रोत्यांसाठी आधी अर्थ सांगतो. संध्याकाळी तालुक्याच्या गावाहून सुटणारी शेवटची एसटी रात्री शेवटच्या गावात मुक्काम करते आणि पहाटे तिथूनच परत निघते, ती वस्तीची गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात, शाळेच्या पडवीत किंवा गाडीतच झोपतात. ही साधी सोय वाटते. पण किनाऱ्यावरच्या माणसांच्या आयुष्यात तिने काय बदललं ते बघायचं, तर थोडं मागे जावं लागेल.

या किनाऱ्याचा जुना राजरस्ता समुद्र होता. मुंबईहून निघालेली आगबोट विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत गोव्याकडे जायची. बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्याला लागत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद. म्हणजे मालवणचा माणूस मुंबईला जवळ होता, पण वर्षातले काही महिनेच. आणि गंमत अशी, की त्याला मुंबई गाठणं जमे, पण घाटापलीकडचं कोल्हापूर लांब वाटे. जमिनीवर बैलगाडी होती, पायवाट होती, आणि नंतर खाजगी सर्व्हिस मोटारी आल्या. या मोटारी भरल्या की सुटायच्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना, तेव्हा कोळशाच्या वायूवर गाड्या चालवल्या गेल्या. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं!

‘भरली की सुटायची’ हे शब्द लक्षात ठेवा. आपल्याला त्यांच्याकडे परत यायचं आहे.

1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर अशी राज्याची पहिली एसटी धावली. त्याच वर्षी सावंतवाडी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. तोवर मालवण, देवगड, वेंगुर्ला हा ब्रिटिश रत्नागिरी जिल्ह्याचा भाग होता आणि कुडाळ-सावंतवाडी हा संस्थानी मुलूख. म्हणजे मालवणहून कुडाळला जाणारा माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होता. सरहद्द कागदावरून एका दिवसात पुसता येते. ती माणसांच्या मनातून पुसायला रोजची ये-जा लागते, आणि ते काम पुढची कित्येक वर्षं एसटीने केलं. 1 मे 1981 ला सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा हे तालुके एकमेकांना परके राहिले नव्हते. याचं थोडं श्रेय या लाल गाडीला द्यायला हवं.

आता भूगोल बघा. या किनाऱ्याला सरळ उभा रस्ता मिळणं कठीण, कारण दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते. देवबाग हे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी असलेलं चिंचोळं गाव. नदीच्या मुखापलीकडे समोर भोगवे दिसतं. होडीने काही मिनिटांचं अंतर. पण रस्त्याने जायचं तर देवबागहून तारकर्ली, मालवण, तिथून चौके, नेरुरपारचा पूल, मग परुळे आणि मग भोगवे. म्हणजे समोर दिसणाऱ्या गावाला जायला तासाच्या वर मोडतो. बॅरिस्टर अंतुले यांच्या नावाशी जोडली गेलेली रेवस-रेडी सागरी मार्गाची कल्पना हाच अडथळा दूर करण्यासाठी होती. पण प्रत्यक्षात बरीच वर्षं एसटीचे मार्ग झाडाच्या फांद्यांसारखे राहिले. खोड म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग, फांद्या कणकवली, कसाल, कुडाळहून किनाऱ्याकडे आलेल्या, आणि शेवटच्या पानावर वस्तीची गाडी.

या गाडीतून काय काय जायचं? टपालाची थैली, मुंबईच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा, मनिऑर्डरीची वाट बघणाऱ्यांचा जीव, ड्रायव्हरच्या हाती दिलेली औषधाची पुडी, मागच्या बाजूला मासळीच्या टोपल्या आणि त्यावरून होणारी भांडणं, हंगामात टपावर आंब्याच्या पेट्या. आंगणेवाडीची नाहीतर कुणकेश्वरची जत्रा आली की जादा गाड्या. गावात घड्याळं कमी होती, तेव्हा ‘सकाळची गाडी इली काय?’ यावर चुलीवरच्या पेजेची वेळ ठरे.

पण आमच्या मते सर्वांत मोठी गोष्ट घडली ती मुलींच्या बाबतीत. गावातली शाळा सातवीला संपायची. पुढचं हायस्कूल दुसऱ्या गावात, कॉलेज मालवणला. मुलग्याला मामाकडे ठेवता येई, पायी पाठवता येई. मुलीला पाठवायचं तर बापाला दोन गोष्टींची खात्री हवी असे: ती सकाळी वेळेवर पोचेल आणि दिवेलागणीला घरी असेल. ही खात्री वस्तीच्या गाडीने दिली. कंडक्टर ओळखीचा असायचा. मुलगी दिसली नाही तर तो डबल बेल द्यायला दोन मिनिटं थांबायचा. पास सवलतीचा होताच. पण पासापेक्षा मोठी होती ती परत येण्याची हमी.

आता जरा आमच्या मूळ विषयाकडे वळू देत. आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे कायद्यातही विसंगती शोधायची खोड आहे. रस्ता वाहतूक महामंडळांचा 1950 चा केंद्रीय कायदा पाहा. त्याचं एक कलम महामंडळावर पुरेशी, कार्यक्षम आणि काटकसरीची सेवा देण्याचं कर्तव्य टाकतं. दुसरं कलम सांगतं, कारभार व्यावसायिक तत्त्वांवर करा. लोकांना पुरेशी सेवा द्या आणि धंदाही नीट करा, असे दोन मालक एका नोकराला! पहिली काही दशकं यातून मार्ग निघाला. मुंबईच्या भरलेल्या गाड्यांनी शेवटच्या गावाच्या रिकाम्या फेऱ्यांचा भार उचलला.

हे गणित हळूहळू बिघडलं. जानेवारी 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. बॅरिस्टर नाथ पै, मधु दंडवते यांनी जिच्यासाठी आयुष्य वेचलं ती रेल्वे आली, आनंदच झाला. पण रेल्वे किनाऱ्यावरून जात नाही. कुडाळ स्टेशनावर उतरलेल्या माणसाला मालवण अजून 30 किलोमीटर आहे. म्हणजे मुंबईचा लांबचा, फायद्याचा उतारू बराचसा रेल्वेने आणि खाजगी आरामगाड्यांनी नेला. एसटीकडे उरला तो शेवटचा, तोट्याचा टप्पा. दुचाक्या आल्या, सहा आसनी रिक्षा आल्या. मग 2020 ची टाळेबंदी, आणि 2021 च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल 2022 पर्यंत लांबलेला कर्मचाऱ्यांचा संप. त्या काळात थांबलेल्या सगळ्याच फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. कारण दिलं जातं एकाच शब्दात, ‘भारमान’. गाडीतल्या किती जागा भरल्या, याचा तो हिशेब.

ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट. चांगलंच झालं. पण ज्या गावची गाडीच बंद झाली, तिथल्या म्हातारीने ही सवलत कुठे वापरायची? तिला दवाखान्यात जायला रिक्षा ठरवावी लागते, नाहीतर ती भरेपर्यंत थांबावं लागतं. मगाशी लक्षात ठेवा म्हटलं होतं ते हेच. ‘भरली की सुटायची’ या जागी आपण 1948 पूर्वी होतो. भारमान पाहूनच गाडी सोडायची ठरवलं, तर फिरून तिथेच येतो.

आमचं म्हणणं भावनेचं नाही. रिकामी गाडी कायम पळवा असं आम्ही म्हणत नाही. मोठीऐवजी लहान गाडी ठेवा, शाळेच्या वेळेला जोडा, स्टेशनावरच्या रेल्वेशी मेळ घाला. पण वेळापत्रक हे वचन आहे, एवढं मान्य करा. तीन माणसं असली तरी गाडी सुटणार, या भरवशावरच चौथा माणूस आपल्या मुलीचं नाव कॉलेजात घालतो. भारमानाच्या तक्त्यात ती मुलगी कधी दिसत नाही, कारण फेरी बंद झाली की ती स्टँडवर येतच नाही.

शेवटी एक आठवण करून देतो. एसटीचं ब्रीद आहे ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’. हे शब्द बुद्धांचे. भिक्षूंना प्रवासाला पाठवताना ते सांगितले गेले, आणि त्याला लागूनच दुसरी आज्ञा आहे: दोघांनी एकाच वाटेने जाऊ नका. म्हणजे सगळे मिळून गर्दीच्या, सोयीच्या रस्त्यावर जाऊ नका, प्रत्येक वाटेवर कुणीतरी जा. ब्रीद निवडणाऱ्यांच्या मनात हा पुढचा भाग होता की नव्हता, कोण जाणे. वस्तीच्या गाडीने मात्र तो पाळला. आपल्या गावची अशी एखादी फेरी बंद झाली असेल, तर तिची वेळ, तिचे थांबे आणि तिने जाणाऱ्यांची नावं जाणत्यांना विचारून लिहून ठेवा. पुढे मागणी करायची झाली तर तो पुरावा होईल, आणि नाही झाली तर निदान इतिहास.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.