कट्यारीची पारख

१८५७ च्या अखेरीस नाशिक जिल्ह्यातल्या हरसूल-पेठ भागात कोळी उठले आणि पेठच्या राजघराण्यातल्या भगवंतरावांना फासावर चढवण्यात आलं. पुढे १८७८ मध्ये तिथली शेवटची बेगम वारली, तसं उरलंसुरलं संस्थानही बुडालं. लॉर्ड लिटनचा हत्यारांचा कायदा त्याच वर्षीचा. परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरलं आणि पिढ्यान्‌पिढ्या कमरेला असलेली कट्यार माळ्यावर, नाहीतर भंगारात गेली. तंजावरच्या मराठी राजांचं शस्त्रागारही राज्य खालसा झाल्यावर मोडलं; त्यातले निवडक नग तेवढे मद्रासच्या सरकारी संग्रहालयात पोहोचले.

आज जुनी, खरी कट्यार दुर्मिळ आहे ती यामुळे. आणि दुर्मिळ वस्तूचा बाजार म्हटला की नकलाही आल्याच.

नवखा संग्राहक आधी मूठ बघतो. सोन्याची कोफ्तगिरी, म्हणजे जडवलेली नक्षी, दिसली की त्याचा हात खिशाकडे जातो. जाणकार मात्र पातं उजेडात आडवं धरतो. मुशीत वितळवून केलेल्या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते, तिला जौहर म्हणतात. असं पोलाद तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत तयार होई आणि इराणपर्यंत जाई. खरा जौहर धातूच्या अंगातलाच असतो. घासला तर पुसट होतो, पण योग्य तेजाब लावलं की पुन्हा वर येतो. नकली नक्षी नुसती वरून कोरलेली असते, घासली की कायमची जाते. कट्यारीचं टोकही पाहावं. चिलखताच्या कड्या फोडायच्या म्हणून ते अनेकदा मुद्दाम जाड ठेवलेलं असतं. शोभेच्या नकलेत एवढी तसदी कोण घेणार?

पातं परदेशी निघालं म्हणून हिरमुसायचं कारण नाही. मराठे युरोपी पात्यांना फिरंग म्हणत आणि आवडीनं वापरत. दक्षिणेत तर फिरंगी तलवारीचे तुकडे रिव्हेट मारून कट्यारींना जोडलेले सापडतात.

पात्याला महत्त्व देणारी पारख इतरत्रही आहे. जावा बेटावर क्रिस या खंजिराची पारख करताना तीन गोष्टी विचारतात: घडण कोणत्या काळातली, वय किती, आणि नग अखंड आहे का. पात्यातल्या पामोर नावाच्या नक्षीला तिथे मोठा मान. प्रंबाननजवळ पडलेल्या उल्केचं लोखंड सुराकार्ताच्या राजवाड्यात आणून त्याची पाती घडवली गेली. सुरो महिन्यात क्रिस लिंबाच्या रसानं धुतात आणि सोमलाचा हात देतात. लोखंड काळवंडतं, निकेलची नक्षी चमकत राहते. आपल्याकडे खंडेनवमीला उत्साहानं विटकरीची पूड नाहीतर पॉलिश पेपर घेऊन पातं चकचकीत करतात. भक्ती खरी असते, पण जौहर त्यात झिजतो. हत्यारं घासूनपुसून धार लावणाऱ्या शिकलगाराचा धंदा वेगळा होता तो उगाच नाही.

दर्जा पोलादात असतो, किंमत मात्र बहुधा नावात. एप्रिल २०२५ मध्ये सदबीजच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारनं नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार मिळवली. वाहतूक-विम्यासह खर्च ४७.१५ लाख रुपये. पातं युरोपी, मूठ मुल्हेरी घाटाची. हा मुल्हेर नाशिक जिल्ह्यातल्याच बागलाणातला. पण बोली चढली ती पात्यावर देवनागरीत सोन्यानं घातलेल्या रघुजींच्या नावामुळे. तसल्याच बिननावाच्या फिरंगेला एवढे पैसे कुणी मोजले नसते.

नावही तपासावं लागतं. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात आली. साताऱ्यातला ब्रिटिश रेसिडेंट ग्रँट डफ याच्या घराण्याकडून आलेल्या पेटीवर ती शिवाजी महाराजांची असल्याचं लिहिलं आहे. ती अफझलखानाच्या भेटीत वापरलेलीच हे सिद्ध करता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. घरगुती कट्यारीबद्दल 'पानिपतावर होती' असं विक्रेता सांगू लागला, तर निदान एक जुना कागद मागायला काय हरकत आहे?

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी हत्यारं काचेआड बघायला मिळतात. खरेदीआधी डोळा तयार करायला ती जागा बरी. घरात अशी वस्तू असलीच, तर ती घासू नका. पुसटसं तेल लावा, फोटो काढा, कुणाकडून आली ते लिहून ठेवा. शंभर वर्षांवरची कट्यार १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते. ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि तिचा व्यापार करायला पुरातत्त्व खात्याचा परवाना लागतो.